आठवीतली नवरी

मायकल अंकल आले ते रुसून. चपला काढायच्या आधीच त्यांनी मला सांगितलं, "सुझान, मी रुसलोय." सांगितलं नाही तर आम्हाला कळणार नाही अशी त्यांना भीती असावी.

मायकल अंकल म्हणजे माझ्या नवऱ्याचे, अँथनीचे, सख्खे काका. आमच्या आळीतलं घर सोडून ते बोळिंजला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता येतात ते सणाला, नाहीतर कुणी वारलं तर. त्या दिवशी नोव्हेंबरातला साधा मंगळवार होता, सण नव्हता, म्हणून मी आधी घाबरले.

"पाणी नको," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "पुतण्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि आम्हाला माणिकपूरच्या रिक्षास्टँडवर बॅनर बघून कळतं. घरी येऊन बोलावणं करायची रीत आहे आपल्यात. का ती पण बंद केलीत?"

"कुणाचं लग्न?"

"जोआनाचं. आणखी कुणाचं?"

"अंकल, जोआना आठवीत आहे."

त्यांनी यावर थोडा विचार केला. "मग एवढी घाई कशाला केलीत?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "काही झालंय का? मला सांग. घरातल्या घरात मिटवू. फादरशी मी बोलतो."

माझ्या हातात बोंबील साफ करायची सुरी होती. ती मी आधी खाली ठेवली. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे.

"काही झालेलं नाही. फोटो काढलेत फक्त. बायच्या दुकानाची जाहिरात आहे ती."

"नवरा तर खरा दिसतो."

"तो पण जाहिरातीतला."

"खाली नावं लिहिलीत. जोआना आणि केनी."

आता हे त्यांना समजावायचं म्हणजे बायपासून सुरुवात करायला हवी होती, आणि बायपासून सुरुवात केली की माझं बीपी वाढतं. तरी केली.

बाय म्हणजे फेलिशिया, अँथनीची मोठी बहीण. घरात सगळे तिला बाय म्हणतात. मीही म्हणते, मनात दुसरं काही म्हणत असले तरी. माणिकपूरला तिचं लग्नाच्या गाऊनचं दुकान आहे. शिवून देते, भाड्यानेही देते. प्रत्येक गाऊनला ती घरातल्या एखाद्या बाईचं नाव देते. 'सुझान' नावाचाही एक गाऊन होता. तो कुणीच नेला नाही. बाह्या फार फुगल्या होत्या, असं बाय म्हणते, आणि म्हणताना माझ्या दंडांकडे बघते.

दिवाळीच्या सुट्टीत तिने नवीन गाऊनचे फोटो काढायला घेतले. हॉल घेतलेला, फोटोग्राफर आलेला, नवरा म्हणून जिममध्ये शिकवणारा केनी सूट घालून तयार, आणि मुंबईहून यायची ती मॉडेल तापाने फणफणलेली. जोआना तिथे एसीत बसायला गेली होती. माझी पोरगी तेरा वर्षांची आहे, पण गेल्या वर्षभरात ती उंचीने माझ्या डोक्यावर गेली. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये ती स्टुलावर उभी राहिलेल्या लहान पोरीसारखी दिसते. बायने तिला खालून वर बघितलं आणि अँथनीला फोन लावला. मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होते. मी नर्स आहे, ड्युटीवर असताना फोन कपाटात ठेवते. अँथनीने "घे की" म्हटलं, कारण अँथनीला बहिणीला नाही म्हणता येत नाही. लहानपणी तिने त्याला विहिरीत पडताना वाचवलं होतं. त्याला ते आठवत नाही, पण ती आठवण करून देते.

तोंडावर दोन तास रंगकाम झालं. गाऊन अंगात सैल झाला तो मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून घट्ट केला. दातांना तार आहे म्हणून तोंड मिटून घ्यायला सांगितलं. आणि फोटो आले. मला दाखवले तेव्हा मी "छान" म्हटलं, कारण फोटो छान होते. खोटं कशाला बोलू? त्यात एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी एका पुरुषाच्या हातात हात देऊन उभी होती, आणि ती कुणाची तरी मुलगी असावी असं मला वाटलं. माझी आहे हे जरा वेळाने लक्षात आलं.

बायने त्या गाऊनला नाव दिलं 'जोआना' आणि सूटला 'केनी'. दोघांचा एक मोठा बॅनर करून रिक्षास्टँडच्या वर लावला. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असला, कुणी दहावी पास झालं, कुणी गॅस एजन्सी काढली, की बॅनर लागतो. नवरानवरीचा फोटो आणि खाली दोन नावं दिसली की लोक पुढचं वाचत नाहीत. पुढे 'विंटर कलेक्शन, भाड्याने मिळेल' असं होतं, पण ते रिक्षांच्या टपांमागे गेलं होतं.

अंकलने सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटलं का नाही, मला सांगता येणार नाही. जाताना त्यांनी पिशवीतून एक प्रेशर कुकर काढून टेबलावर ठेवला.

"रुसलो तरी आहेर आणलेला," ते म्हणाले.

"अंकल, लग्नच नाहीये."

"दुकानदार परत घेत नाही. ठेव. पुढे लागेलच."

त्या आठवड्यात मी हेच आणखी कितीतरी लोकांना सांगितलं. होळीवरच्या बाजारातल्या भाजीवालीने अभिनंदन केलं आणि कोथिंबीर फुकट दिली. खरं कळल्यावर परत मागितली नाही, पण तोंड वाकडं केलं. हॉस्पिटलच्या सिस्टर इन्चार्जने सुट्टीचा अर्ज अजून का दिला नाही म्हणून विचारलं. अँथनीच्या दोन चुलतबहिणींनी मला ग्रुपमधून काढलं. आणि मी सांगायचे, अहो, ती आठवीत आहे, की पुढचा प्रश्न तोच यायचा. एवढी घाई का? कुणाच्या डोक्यात असं येत नव्हतं की आठवीतल्या पोरीचं लग्न नसेलच. बॅनर लागलाय म्हणजे लग्न आहे. लग्न आहे आणि पोरगी आठवीत आहे, म्हणजे काहीतरी भानगड आहे. गुरुवारी आळीतल्या दोघी साखर मागायला आल्या, जोआनाकडे वरून खाली बघितलं, पोटापाशी जरा थांबल्या, आणि साखर न घेताच गेल्या.

त्या दिवशी मी बायला फोन केला. म्हटलं, बॅनर उतरव.

"सीझन आहे," बाय म्हणाली. "नाताळनंतर बघू."

"लोक काय काय बोलतायत तुला माहितेय?"

"बोलू देत. एवढी चर्चा फुकटात कुणाच्या दुकानाची होते?"

मी फोन ठेवला आणि घरातली सगळी भांडी घासली, घासलेली पण.

शनिवारी दुपारी दारात बाईक थांबली आणि बॅनरवरचा नवरा उतरला. मी त्याला लगेच ओळखलं, आठवडाभर येता-जाता त्यालाच बघत होते. त्याच्यामागून एक मुलगी उतरली, पंचविशीची, साधा कुर्ता, ओठ घट्ट मिटलेले.

"आंटी, मी जीना," ती म्हणाली. "याचं लग्न माझ्याशी आहे. नाताळनंतर. निदान गेल्या रविवारपर्यंत तरी होतं."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कुणाला या लग्नात काही अडचण माहीत असेल तर त्याने फादरना येऊन सांगायचं. सहसा कुणी जात नाही. पण गेल्या रविवारी केनीचं आणि जीनाचं नाव पहिल्यांदा वाचलं आणि मिस्सेची प्रार्थना संपल्यावर तीन माणसं फादरकडे गेली. या मुलाचं दुसरीकडे ठरलंय, म्हणाले, माणिकपूरला बॅनर आहे. त्या तिघांत एक जीनाचे वडील होते.

"हा म्हणतो, ती फक्त मॉडेल आहे," जीना म्हणाली. "मला तिला बघायचंय. मी काही बोलणार नाही. फक्त बघणार आणि जाणार."

"येईल इतक्यात. शनिवारी अर्धी शाळा असते."

जीनाने केनीकडे बघितलं. केनीने माझ्याकडे. मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात जोआना आली. दोन वेण्या, एक मोजा खाली घसरलेला, पाठीवर दप्तर, आणि हातात तिखटमीठ लावलेला अर्धा पेरू.

"हाय, केनी अंकल," ती म्हणाली.

केनी खुर्चीतून उठून उभा राहिला. मुख्याध्यापक वर्गात आल्यावर पोरं उठतात तसा. जोआनालाच वाटलं काहीतरी बोलावं. "आज अंकल म्हटलं तर चालतं ना? त्या दिवशी बाय म्हणाली अंकल म्हणायचं नाही. म्हटलं की ते फोटोत चेहऱ्यावर येतं."

"मला कॉलेजची आहे असं वाटलं होतं," केनी म्हणाला. तो हे कुणाला सांगत होता कळलं नाही.

"विचारलं होतंस?" जीना म्हणाली.

"नाही."

"फोटोतला हात तुझाच आहे ना?"

त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग तो खिशात घातला. चहा त्याने डाव्या हाताने प्यायला. सवय नसावी, बशीत बराच सांडला.

जीनाने जोआनाला जवळ बसवून घेतलं. "जड होता का गं गाऊन?"

"खूप. आणि मागून चिमटे टोचत होते. पण मज्जा आली." पेरूचा तुकडा गालात होता तो तिने दुसऱ्या गालात घेतला. "तुम्ही पण तोच घालणार लग्नात?"

"नाही," जीना म्हणाली. "मी दुसरा बघते."

निघताना केनी दारात थांबला. जोआना तोवर आत जाऊन मोबाईल घेऊन बसली होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सॉरी आंटी. मला खरंच लाज वाटते." मी म्हटलं, तुझी चूक नाही. मग मला वाटलं, थोडी आहे. पण तो गेला होता.

जीना मागे राहिली. "आंटी, मी भांडायला आले होते," ती म्हणाली. "आता राग कुणाचा करू कळत नाही."

मला म्हणावंसं वाटलं, माझ्यावर सोड, मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सा झाल्यावर बाय जेवायला आली. तिच्यामागून मायकल अंकल आले, कारण लग्न नसेल तर नक्की काय आहे हे त्यांना बघायचं होतं. मी चिकन केलं होतं, नव्या कुकरमध्ये नाही. बाय खुशीत होती. पाव मोडता मोडता तिने बातमी सांगितली. अंधेरीच्या एका मोठ्या एजन्सीने फोटो बघितले होते. त्यांना जोआना हवी होती. नवरीच्या कपड्यांची, दागिन्यांची कामं, तीन वर्षांचा करार, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत शूटिंग. आईवडिलांचा होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा.

"हो म्हटलं की पोरीचं आयुष्य मार्गी," बाय म्हणाली. "अँथनी, बोल."

अँथनी चिकनमधलं हाड चोखत होता. तो चोखतच राहिला.

"मी नाही म्हणते," मी म्हटलं.

"तू नाहीच म्हणणार. कारण सांग."

"ती तेरा वर्षांची आहे."

"मग? सीरियलमध्ये तेरा वर्षांची पोरं काम करत नाहीत? त्यांना बघून संध्याकाळी रडत बसतेस ती कोण? आपल्या आळीतला जॅक्सन आठव्या वर्षापासून पहाटे उठून पोहायला जातो, त्याच्या वडलांनी त्याचं बालपण पाण्यात घातलं, तेव्हा तू त्याला मेडल मिळालं म्हणून केक नेलास." बाय बोलायला लागली की हात धुऊन मागे लागते. "आणि तू स्वतः गं? तुझ्या आईने तुला तेराव्या वर्षी भाजीची पाटी देऊन दादरला बाजारात बसवलं. ते काम नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"गिऱ्हाईक भाजी बघायचं," मी म्हटलं.

मायकल अंकलनी मान डोलावली. ते माझ्या बाजूने होते की त्यांना चिकन आवडलं होतं, माहीत नाही.

बायला राग आला. "कपडे अंगभर होते. हात धरला होता फक्त. घाण तुमच्या डोक्यात आहे, फोटोत नाही."

"फोटोत ती किती वर्षांची आहे?"

"चोवीस. तसंच दिसायला हवं होतं."

"मग मधली अकरा वर्षं कुठे गेली, बाय? मी आई आहे. मला द्यायला नकोत का ती? मला तिच्या दहावीची काळजी करायचीय. तिच्याशी कपड्यांवरून भांडायचंय. पंधराव्या वर्षी ती मला मूर्ख म्हणेल, तेही मला ऐकायचंय. तू दोन तासांत सगळं उरकून टाकलंस." माझा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते, आणि या दोन्ही गोष्टी बायसमोर व्हाव्यात असं मला कधीच वाटत नाही.

"पोरीला विचारा ना," बाय म्हणाली. "तुम्ही आम्ही कोण ठरवणार?"

हे खरं होतं. आठवडाभर आम्ही सगळे जोआनाबद्दल बोलत होतो आणि जोआना शेजारच्या खोलीत असायची. आता ती समोर बसली होती, अंगात मांजरांचं चित्र असलेला टीशर्ट, ताटात फक्त बटाटे निवडून घेतलेले.

"मला करायचंय," ती म्हणाली.

"का गं?" अँथनीने विचारलं. जेवायला बसल्यापासून तो पहिल्यांदा बोलला.

"मला येतं ते. गणित येत नाही, थ्रोबॉल येत नाही, हे येतं. सगळे म्हणाले, हिला येतं."

तिला एखादी गोष्ट येते असं घरात शेवटचं कुणी कधी म्हटलं होतं ते मला आठवेना.

बाय जिंकली होती आणि तिला ते कळलं होतं. थांबली असती तर कदाचित सगळं तिच्या मनासारखं झालं असतं. पण थांबणं बायच्या रक्तात नाही. "जोआना, मम्मीला दाखव तो लूक," ती म्हणाली. "बघू दे तरी तिला, देवाने काय दिलंय पोरीला."

जोआनाने चमचा खाली ठेवला, ओठ पुसले, आणि मान जराशी तिरकी केली. डोळे अर्धे मिटले. ओठ मिटलेले, पण हसणार आहेत असे. एवढंच केलं तिने. मेकअप नव्हता, गाऊन नव्हता, टीशर्टवर मांजरं होती. पण माझ्या जेवणाच्या टेबलावर ती बॅनरवरची बाई बसली होती, आणि आम्ही सगळे कुणीतरी परकं घरात आल्यासारखे सावरून बसलो. अँथनीने ताटात बघितलं. मायकल अंकलनी गळ्यातल्या क्रॉसला हात लावला.

"बघ," बाय म्हणाली.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

चेहरा गेला आणि जोआना परत आली. तिने चमचा उचलला. "पहिल्यांदा बायने. आता मला आपोआप येतो. रोज करते ना."

"रोज कुठे?"

"रिक्षास्टँडवर. शाळेत जाताना." ती बटाटा चावत होती. "ते लोक आधी वर बॅनर बघतात, मग मला बघतात. कोणकोण हसतात, शिट्टी पण मारतात. मग मी हा चेहरा करते. हा केला ना, की असं वाटतं ते तिला बघतायत. मला नाही."

तिला वाटलं आम्हाला नीट कळलं नाही, म्हणून तिने समजावून सांगितलं. "म्हणजे भीती तिला वाटते. मी आत असते. मग स्टँड गेलं की मी बंद करते." आणि मग, "मम्मी, अजून बटाटे आहेत?"

मी उठून बटाटे आणले. मला त्या स्टँडवरच्या एकेकाला चपलेने मारायचं होतं, आणि बायला, आणि अँथनीला, आणि "छान" म्हणणाऱ्या मला. पण पोरगी जेवत होती.

सगळ्यात आधी बाय बोलली. तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण हार मानणं तिला जमत नाही. "मग त्या मेल्यांना धरा ना. बघणारे ते. पोरीचं काम का बंद करता? चूक त्यांची आणि शिक्षा हिला?"

बाय बरोबर बोलत होती. मी खूप शोधलं, पण मला याला उत्तर सापडलं नाही. अजूनही सापडलेलं नाही. उत्तर नसतानाच मी म्हटलं, "नाही. अठरा वर्षांची झाली की तिला काय वाटेल ते करू दे. आता नाही."

"अँथनी?" बाय म्हणाली. "हा तुझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"नाही," अँथनी म्हणाला. आयुष्यात तो बहिणीला पहिल्यांदा नाही म्हणत होता. इतकं हळू म्हणाला की त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

बायने हात धुतले. तिने दारातच उभं राहून अंधेरीला फोन लावला आणि म्हणाली, "आमची मुलगी लहान आहे." पलीकडून काहीतरी बोलले असावेत, कारण ती परत म्हणाली, "हो, मला आधी माहीत होतं." मग माझ्याशी न बोलता गेली. नाताळपर्यंत ती बोलली नाही, आणि मला तिची आठवण यायची, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

जोआनाने मात्र रडून घर डोक्यावर घेतलं. मी तिचं सगळं बिघडवलं, मला ती सुंदर दिसलेली बघवत नाही, मी जळते, माझा गाऊन कुणी नेला नाही म्हणून मी असं करते. हे शेवटचं तिला बायनेच सांगितलं असणार. मी सगळं ऐकून घेतलं. ती माझ्याशी बोलणार नाही असं तिने जाहीर केलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी अँथनी आणि मायकल अंकल शिडी घेऊन गेले आणि बॅनर उतरवून आले. अंकल खालून शिडी धरून उभे होते आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की लग्न मोडलं. मी सोमवारपासून पुन्हा सगळ्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं.

त्याच सोमवारी सकाळी जोआना दप्तर घेऊन निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. पाचवीपासून ती मला शाळेपर्यंत येऊ देत नाही, मैत्रिणी हसतात म्हणून. त्या दिवशी तिने नको म्हटलं नाही, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्या शेजारून चालले. चर्चसमोरून गेलो, बेकरीसमोरून गेलो. माझ्या तोंडात त्या लोकांना बोलायला भरपूर शिव्या तयार होत्या, रात्रभर तेच केलं होतं.

स्टँड आलं. बॅनर नव्हता, नुसते बांबू होते. तरी दोघातिघांनी आधी बांबूंकडे बघितलं आणि मग जोआनाकडे. एक जण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी बाजूला बघितलं, तिने तो चेहरा केलाय का ते बघायला.

केला नव्हता. खालचा ओठ दातांत धरलेला, डोळे रस्त्यावर, कानाच्या पाळ्या लाल. नुसती घाबरलेली होती. मग ती रिक्षांच्या बाजूने माझ्या या बाजूला आली आणि तिने माझा हात धरला. इतका घट्ट की माझी अंगठी बोटात रुतली. माझ्या सगळ्या शिव्या तोंडातच राहिल्या.

"मी बोलत नाहीये तुझ्याशी," ती म्हणाली.

"माहितेय," मी म्हटलं.

शाळेच्या फाटकापर्यंत तिने हात सोडला नाही.